टेकूबाई

टेकूबाईंसमोर वाक्य बोलायचं म्हणजे आधी त्याचं काम सांगावं लागे. "हे वाक्य इथे काय करतंय गं?" हा त्यांचा ठरलेला प्रश्न. मुलुंड पूर्वेला फरसाणाच्या दुकानावर त्यांचं घर होतं. तिथल्या बाहेरच्या खोलीत त्या आम्हा सात-आठ जणांकडून वकिलीच्या प्रवेश परीक्षेची तयारी करून घेत. उताऱ्यातलं कुठलं वाक्य निष्कर्ष, कुठलं त्याला आधार देणारं आणि कुठलं नुसतंच आलेलं, हे ओळखायचं. आधाराला त्या टेकू म्हणत आणि नुसत्या आलेल्याला पाहुणा. त्यावरून पडलेलं नाव त्यांना ठाऊक होतं आणि ते आवडायचंही.

त्यांची रीत साधी होती. एकेक वाक्य बोटाने झाकायचं आणि विचारायचं, "काही कोसळलं का?" नाही कोसळलं, तर तो पाहुणा. "त्याला चहा द्या, पण घर त्याच्यावर उभं आहे असं समजू नका," असं म्हणून त्या पुढच्या वाक्याकडे वळत.

ही खोड क्लासपुरती असती तर ठीक. सोसायटीच्या मीटिंगमध्ये सेक्रेटरी एकदा म्हणाले, बिल्डिंग जुनी झालीय, पाण्याला प्रेशर नाही, पोरं जिन्यात क्रिकेट खेळतात, म्हणून लिफ्टमधून कुत्रे न्यायचे नाहीत. बाई शांतपणे उठल्या. "सेक्रेटरीसाहेब, पाहुणे तीन आले, टेकू एकही नाही." पुढचा महिनाभर ते बाईंना पाहून जिन्यानेच जात.

स्वतःच्या बाबतीत मात्र सगळा आनंद होता. डायबेटिस असून खालच्या दुकानातली जिलबी त्या मिटक्या मारत खात. "आज गुरुवार आहे ना!" हे कारण. "बाई, टेकू कुठाय?" असं आम्ही ओरडलो की म्हणत, "गप बसा रे, खाऊ द्या."

मला बंगळुरूच्या कॉलेजात प्रवेश मिळाला आणि बाबांनी साफ नाही म्हटलं. आई जाऊन तीन वर्षं झाली होती, घरात आम्ही दोघंच. बाबा विक्रोळीच्या कारखान्यातून सुटले की थेट घरी येत. बाईंनीच मला फूस लावली असं वाटून ते एका संध्याकाळी त्यांच्याकडे गेले. मी मागोमाग होतेच.

"तिला तिथली हवा सोसणार नाही मॅडम. मुंबईत काय कॉलेजं नाहीत? आणि वकिली पुढे करेलच याची काय गॅरंटी?"

बाईंनी विचारलं, "ही तिन्ही कारणं मी दूर केली, तर पाठवाल?"

बाबा जायला उठले, दाराशी थांबले. मग म्हणाले, "नाही. घरी गेल्यावर दार उघडायला कुणी नसेल हो."

बाई वाद घालतील असं मला वाटलं होतं. त्या एवढंच म्हणाल्या, "हे खरंय. याला माझ्याकडे उत्तर नाही."

कुणीतरी ते खरं मानावं, एवढंच बाबांना हवं असावं. रविवारी त्यांनी स्वतःच माळ्यावरची बॅग काढली.

मी दुसऱ्या वर्षाला असताना बाबा झोपेतच गेले. चौथ्या दिवशी बाई आल्या, दुखऱ्या गुडघ्यांनी चार मजले चढून. मी त्यांना बसाही म्हटलं नाही. "मी इथे असते तर बाबा वाचले असते," एवढंच म्हणाले. आता त्या हे वाक्य तपासायला घेणार म्हणून मला संतापही आला होता.

बाई माझ्याशेजारी जमिनीवर बसल्या. "मी त्या दिवशी बोलले नसते तर तू गेली नसतीस. तू गेली नसतीस तर ते वाचले असते. चार दिवस मी हेच मांडतेय गं. मला खोडता येत नाही. तू खोड."

बोलताना त्या फरशीवर बोटाने पुन्हा पुन्हा तीच रेघ ओढत होत्या. मला ते बघवेना. "काहीतरीच काय बाई! बाबा झोपेत गेले. डॉक्टर म्हणाले, त्यांना कळलंही नसेल. मी पलीकडच्या खोलीत असते तरी झोपलेलीच असते ना!"

बोलले आणि मला रडू फुटलं. चार दिवसांत पहिल्यांदाच. बाई माझ्या पाठीवरून हात फिरवत राहिल्या.

गेल्या वर्षी बाई गेल्या. त्या दिवशी त्या खरंच स्वतःला दोष देत होत्या, की मला सोडवत होत्या, हे मी त्यांना कधी विचारलं नाही.