कथलाच्या सहा थाळ्या

पद्मजाकाकू पांढरीपांड्यांना नवा मराठी माणूस भेटला, की चहाचा पहिला घोट त्याच्या घशाखाली उतरायच्या आत त्याचं मूळ गाव, आजोळ आणि मावशीचं सासर एवढं सगळं काकूंनी वदवून घेतलेलं असायचं. मग "म्हणजे अमरावतीच्या डॉक्टर साठ्यांच्या धाकटीचे तुम्ही कोण?" असा प्रश्न यायचा आणि बेलव्ह्यूच्या ऑफिसातला तो बिचारा इंजिनिअर गडबडून जायचा. अमेरिकेत, बॉथेलमध्ये अर्धं आयुष्य गेलं, औषधाच्या कंपनीत प्रयोगशाळेची नोकरी करून काकू निवृत्त झाल्या, पण ही खोड काही गेली नाही. काही लोक हिला भोचकपणा म्हणतात. म्हणोत. ज्यांना स्वतःच्या आजीचं माहेरचं आडनाव सांगता येत नाही, त्यांनी तरी या विद्येला नावं ठेवू नयेत.

निवृत्तीनंतर या विद्येला काम मिळालं. गावच्या लायब्ररीत वंशावळी शोधणाऱ्यांचा एक गट भरतो, तिथे काकू जाऊ लागल्या. अमेरिकन माणसाला आपला पहिला पूर्वज कुठल्या जहाजातून उतरला हे शोधायचा भारी सोस. जन्माच्या नोंदी जुन्या काळी धड ठेवलेल्या नसत, म्हणून शोध घ्यायचा तो मृत्युपत्रांतून, आणि माणूस गेल्यावर शेजाऱ्यांनी घरात फिरून केलेल्या चीजवस्तूंच्या मोजदादीतून. काकूंना हे वाचन फार आवडलं. एका बापाने थोरल्याला शेत दिलेलं, धाकट्याला घोडा, आणि मधल्याला "त्याचं त्याला ठाऊक असलेल्या कारणामुळे" एक शिलिंग. असं काही सापडलं की काकू स्वयंपाकघरातून ओरडून नवऱ्याला, अरुणकाकांना, सांगायच्या. भाऊबंदकी तीच, फक्त नावं वेगळी, असं त्यांचं मत झालं होतं.

शेजारच्या घरात वर्ना प्रॅट एकटी राहायची. वय शहाऐंशी. पांढरीपांडे या गल्लीत नवे होते तेव्हा बर्फात गाडी कशी चालवायची हे काकूंना वर्नाने शिकवलं, आणि काकूंनी तिला फोडणीचं वरण खायला शिकवलं. तेव्हापासून दोघींच्या कुंपणाचं फाटक कधी बंद झालं नाही. तर या जानेवारीत वर्नाच्या डॉक्टरने तिला स्पष्टच सांगितलं, की हृदय थकलंय, लांबचा प्रवास या वर्षी केला तर केला, पुढच्या वर्षीचं काही सांगता येत नाही. वर्ना संध्याकाळी फाटकातून आली आणि खुर्चीत बसून म्हणाली, "माझे लोक जिथे पुरलेत तिथे मला एकदा उभं राहायचंय. त्यांच्या नावाचा एक दगड बसवायचाय. शोधून देशील?"

तिला ठाऊक होतं ते एवढंच, की तिचे खापरपणजोबा सायलस गिल्बर्ट प्रॅट तरुणपणी बैलगाडीने मॅसॅच्युसेट्समधून ओहायोला आले. त्यांच्यामागे सगळा अंधार. कुठल्या गावाहून आले, आईबाप कोण, काही नाही.

काकूंनी कंबर कसली. जुन्या मृत्युपत्रांच्या प्रती आता कॉम्प्युटरवर दिसतात, त्यामुळे बॉथेलच्या डायनिंग टेबलावर बसून त्यांनी मॅसॅच्युसेट्सची खेडीच्या खेडी पालथी घातली. दोन गावांत दोन प्रॅट सापडले, आणि दोघांनाही सायलस नावाचा मुलगा. एक आसा प्रॅट, दुसरा गिल्बर्ट प्रॅट. काकूंनी आसाचे कागद वरवर चाळले आणि बाजूला सारले. आता यात शोधायचं ते काय? मुलाचं नाव सायलस गिल्बर्ट प्रॅट. म्हणजे स्वतःचं सायलस, वडिलांचं गिल्बर्ट, आडनाव प्रॅट! आसाचा असता तर सायलस आसा झाला नसता का? गटातल्या कुणाला दाखवलं असतं तर त्यांनी तिथल्या तिथे थांबवलं असतं. पण काकूंना घाई होती, आणि खरं सांगायचं तर थोडा तोराही होता.

वर्नाने आनंदाने फोन फिरवले. ऑक्टोबरमधली तारीख ठरली, देशभरातल्या प्रॅटांनी तिकिटं काढली, गिल्बर्टच्या गावाजवळच्या पाथरवटाला दगड सांगितला. मराठी मंडळाच्या प्रत्येक कार्यक्रमात अरुणकाका "आमच्या हिने शोधलं" म्हणून सांगत सुटले.

चूक सापडली जुलैत, आणि ती सापडली काकूंनाच. दुसऱ्या कुणी विचारलंही नव्हतं. दगडावर घालायला तारखा हव्यात म्हणून त्या गिल्बर्टच्या इस्टेटीचे राहिलेले कागद वाचत होत्या, तर वाटणीच्या कागदात दिसलं, की त्याचा मुलगा सायलस लग्नाआधीच वारला आणि त्याचा वाटा बहिणींना गेला. जो लग्नाआधीच गेला तो वर्नाचा खापरपणजोबा कसा होईल? काकूंनी तो कागद पुन्हा एकदा वाचला, आणि चप्पल घालून त्या फाटकातून पलीकडे गेल्या. गप्प बसल्या असत्या तर कुणाला कळलं असतं? कुणालाही नाही. पण परक्याच्या थडग्यावर वर्नाला हात ठेवू देणं हे काकूंच्या रक्तात नव्हतं.

"मी चुकले," काकू म्हणाल्या. "मधलं नाव वडिलांचं असतं असं मी धरून चालले. आमच्यात तसंच असतं."

वर्नाने चष्मा काढून पुसला. "आमच्यात नसतं. माझं मधलं नाव रूथ आहे. माझे वडील रूथ नव्हते."

दोघी हसल्या, पण ते हसू काही टिकलं नाही. थोड्या वेळाने वर्ना म्हणाली, "मग मी कुणाची गं?" ज्या बाईने आयुष्यभर लोकांना "तुम्ही कुणाचे?" विचारलं, तिलाच आज उत्तर देता येईना. पाथरवटाचं काम थांबवलं. तिकिटं मात्र कुणी रद्द केली नाहीत, वर्नाने करू दिली नाहीत. आसाच्या घरातही एक सायलस होता, हे काकूंना आठवत होतं. पण एकदा नुसत्या नावावर विसंबून तोंडघशी पडल्यावर पुन्हा नुसत्या नावावर बोट ठेवायची त्यांची छाती होईना. आता पुरावा हवा होता.

श्रावणात बेलव्ह्यूला मंडळाची मंगळागौर झाली. काकूंचं मन नव्हतं, पण अरुणकाकांनी जवळजवळ ढकलूनच गाडीत बसवलं. फुगड्या झाल्या, जेवणं झाली, आणि मग नेहमीचा घोळ सुरू झाला. पंचवीस घरांतून आलेले डबे आणि पातेली, सगळी स्टीलची, सगळी सारखी. भांड्यावर कोरलेलं नाव वाचून ज्याचं त्याला द्यायचं काम काकूंकडे असे. त्यांनी एक मोठं पातेलं उपडं केलं आणि ओरडून विचारलं, "हे ल. वि. पेंढारकर कोण? आपल्यात पेंढारकर कुणी नाहीत."

"काकू, थांबा, माझंय ते!" सुलेखा बापट हात पुसत धावत आली. सुलेखा क्युपर्टिनोहून नुकतीच इकडे राहायला आली होती. "माहेरचंय. बाबांनी लग्नात दिलेलं."

"अगं मग बापटांचं नाव घालून घे ना वर. हरवेल अशाने."

"नको बाई. बाकी पासपोर्टपासून सगळीकडे नाव चेंज केलं. एवढं एक पातेलं तरी पेंढारकर राहू दे, यार."

काकूंच्या हातातलं पातेलं हातातच राहिलं. बापटांच्या घरात पेंढारकरांचं भांडं! कुठेतरी हेच त्यांनी वाचलं होतं. उरलेली भांडी कुणाच्या तरी गळ्यात घालून त्या निघाल्या. "अहो, चला," एवढंच त्या अरुणकाकांना म्हणाल्या.

घरी येऊन त्यांनी बाजूला सारलेले आसा प्रॅटचे कागद उघडले. त्याच्या घरच्या वस्तूंची मोजदाद: नांगर, दोन बैल, चरखा, आणि "कथलाच्या सहा थाळ्या, टी. जी. अक्षरांच्या, विधवेकडे राहू दिल्या." पहिल्या वाचनात काकू या ओळीवरून सरळ पुढे गेल्या होत्या. प्रॅटच्या घरात जी हे अक्षर कुठून आलं? ज्या घरातून बाई आली, त्या घरातून! आसाच्या मृत्युपत्रात बायकोचा उल्लेख होता तो फक्त "माझ्या प्रिय पत्नीस" असा. गायीचं नाव त्याने लिहिलं होतं, बायकोचं नव्हतं. शेजारी मोजायला आले तेव्हा थाळ्यांवरची अक्षरं त्यांना दिसली, म्हणून तिची तेवढी तरी खूण उरली.

मग काकूंनी त्या पंचक्रोशीतली जी अक्षरापासून सुरू होणारी घराणी एकेक करून पाहायला घेतली, आणि ज्या नावाने त्यांना तोंडघशी पाडलं होतं तेच समोर आलं. पलीकडच्या गावात राहणाऱ्या एबेनेझर गिल्बर्ट नावाच्या म्हाताऱ्याने लिहून ठेवलं होतं: माझी मुलगी थँकफुल, आसा प्रॅटची पत्नी, हिला लग्नात दिलेल्या वस्तूंखेरीज एक दुभती गाय, आणि तिचा मुलगा सायलस गिल्बर्ट, जो माझं नाव चालवतो आणि आता ओहायोस गेला आहे, त्याला माझी चांगली कुऱ्हाड.

काकूंच्या डोळ्यांना धार लागली. मधलं नाव बापाचं नव्हतंच, ते आईच्या माहेरचं होतं! या देशात आपलं नाव कुठे उरणार नाही हे त्या बाईला कळलं असावं, म्हणून तिने ते मुलाच्या नावात मधोमध घालून ठेवलं. अरुणकाका चहा घेऊन आले, तर काकू उठून कपाटातला पितळी डबा हातात घेऊन उभ्या होत्या. त्यांच्या लग्नातला डबा. त्यावर कोरलेलं होतं, "चि. पद्मजा हिस, आईकडून." आईचं नाव सुलभा. पण डब्यावरही ती नुसती आईच होती, आणि इतक्या वर्षांत ते काकूंच्या कधी लक्षात आलं नव्हतं.

या वेळी त्यांनी आधी गटाला दाखवलं. गटातल्या खडूस मंडळींनी एकेक कागद उलटसुलट तपासला आणि शेवटी मान डोलावली. एकदा आसा पक्का झाल्यावर पुढची वाट सोपी होती. मुलाच्या मृत्युपत्रातून बापाकडे, बापाच्या मृत्युपत्रातून आज्याकडे असं करत काकू थेट जहाजातून उतरलेल्या पहिल्या प्रॅटपर्यंत जाऊन पोचल्या. हे काम त्यांनी केलं होतं, नागपूरच्या पद्मजाने, आणि त्याचा त्यांना रास्त अभिमान वाटला. वर्नाला मात्र त्या पहिल्या प्रॅटचं फारसं कौतुक नव्हतं. ती टेबलाशी बसून एकच नाव पुन्हापुन्हा म्हणत होती. "थँकफुल," ती म्हणायची, आणि थांबून परत, "थँकफुल."

पाथरवटाला नवा मजकूर गेला. वर्नाच्या पुतण्याने सगळ्या नातेवाइकांसाठी एक पुस्तिका छापायला घेतली आणि काकूंना फोन करून विचारलं, "शोध कुणी घेतला तिथे तुमचं पूर्ण नाव काय घालू?" लग्नापासून प्रत्येक अर्जावर काकू एकच नाव लिहीत आल्या होत्या, पद्मजा अरुण पांढरीपांडे. त्यांनी कपाटातल्या पितळी डब्याकडे पाहिलं. मग त्यांनी सावकाश, एकेक अक्षर फोडून नाव सांगितलं.

ऑक्टोबरात ते सगळे आसाच्या गावातल्या छोट्या दफनभूमीत जमले. मेपलची पानं लालभडक झाली होती आणि प्रॅट घराण्याची तिसेक माणसं थंडीने खांदे आखडून उभी होती. आसाच्या जुन्या, झिजलेल्या दगडाशेजारी नवा दगड बसला होता. त्यावर मोठ्या अक्षरांत थँकफुल गिल्बर्ट, आणि खाली लहान अक्षरांत, आसा प्रॅटची पत्नी. अक्षरांचा लहानमोठेपणा वर्नाने स्वतः पाथरवटाला सांगितला होता. तिने काकूंच्या दंडाचा आधार घेतला, पुढे झाली आणि दगडावर हात ठेवला. काकूंचा दंड मात्र तिने बराच वेळ सोडला नाही.

मग पुतण्याने पुस्तिका उघडली आणि पहिलं पान मोठ्याने वाचायला घेतलं. "आमच्या घराण्याचा हा शोध घेणाऱ्या, पॅडमाजा... सुल... सुलाबा..."

अरुणकाकांनी चमकून काकूंकडे पाहिलं. "सुलभा? म्हणजे तुझी आई? अगं पद्मा, माझं नाव कुठाय?"

"आडनाव आहे की तुमचं," काकू समोर बघतच म्हणाल्या. "तेवढं पुरे."

काकांच्या डोळ्यांसमोर आल्या त्या सासूबाई, विमानतळावर लेकीच्या हातात लाडवांचा डबा देऊन काचेपलीकडे उभ्या राहिलेल्या. तिकडे पुतण्या पांढरीपांडे या शब्दाशी झटापट करायच्या बेतात होता. काकांनी घसा खाकरला आणि हात वर केला.

"थांबा. आडनावाचं नंतर बघू," ते इंग्रजीत म्हणाले, सगळ्या दफनभूमीला ऐकू जाईल अशा आवाजात. "मधलं नाव चुकलं तुमचं. तिच्या आईचं आहे ते, नीट म्हणा. सु-ल-भा."

"सुलाबा," पुतण्या म्हणाला.

"सुलभा," काकांनी परत म्हणून दाखवलं, आणि या वेळी वर्नासकट सगळ्या प्रॅटांनी ते एकदम म्हटलं.