ताकदीचं औषध

नागपूरच्या एका सरकारी दवाखान्यात मी समुपदेशक होते. एचआयव्ही असलेल्या गरोदर बायकांची गोळी चुकू द्यायची नाही आणि बाळापर्यंत लागण पोहोचू द्यायची नाही, हे माझं काम. त्यासाठी घरच्यांना सांगायच्या थापा रचण्यात मी पटाईत होते, आणि त्याचा मला चांगलाच तोरा होता.

त्यांच्यातली एक मुलगी अजून डोळ्यांसमोरून जात नाही. नवरा शहराबाहेर बेसाकडे नव्या इमारतींना रंग द्यायचा. दोघांनाही लागण होती, पण घरात तिसऱ्या कुणाला पत्ता नव्हता. गरोदरपणात तिनं एकही गोळी चुकवली नाही. पहिलं बाळंतपण मात्र माहेरी, पारशिवनीजवळच्या खेड्यात. मी चिडले, इथंच राहा म्हणून हात जोडले.

"पहिलं आहे मॅडम. नाही गेली तं माय विचारन, काहून नाही आली? तिले काय सांगू?"

शेवटी ती जाणारच, हे मी मान्य केलं. तिथं आई औषधाबद्दल विचारेल, त्याचं उत्तर मात्र माझ्याकडे तयार होतं. बाळाला जन्मल्यापासून सहा आठवडे रोज पाजायच्या औषधाची बाटली मी तिला दिली. वरचं लेबल नखानं खरवडून काढलं आणि म्हटलं, "आईला सांग, ताकदीचं औषध आहे." ती हसली. मीही स्वतःवर खूश.

बाळ सहा आठवड्यांचं झाल्यावर ती त्याच्या तपासणीला आली तेव्हा बाटली जवळजवळ भरलेली होती. सव्वा महिना बाळाला काय पाजायचं ते तिची आई ठरवायची. बाळ दूध टाकतंय, असं दिसल्यावर आईनं चौथ्या दिवशीच औषध बंद केलं आणि घुटी सुरू केली. मुलगी "पाजू दे" म्हणत राहिली, पण कशासाठी ते तिला सांगता येईना.

बाळाचा रिपोर्ट आला. लागण झाली होती.

तो घ्यायला ती आईला घेऊनच आली आणि माझ्यासमोर तिनं आईला सगळं सांगून टाकलं. आता ही बाई लेकीला नाही नाही ते बोलणार, असं मी धरूनच चालले होते. तिनं लेकीला जवळ ओढलं, बराच वेळ धरून ठेवलं. मग माझ्याकडे वळली.

"ताकदीचं म्हनलं म्हनून बंद केलं वं बाई. बिमारीचं म्हनलं असतं तं म्या एक थेंब सांडू देला नसता."

इतक्या महिन्यांत मी त्या मुलीला 'आईला सांगून बघ' असं एकदाही म्हटलं नव्हतं.