स्टेशनमास्तरच्या बायकोचं मराठी

आमच्या फिल्म सोसायटीची मी सचिव आहे. सचिव म्हणजे शाळेतून सभागृहाची किल्ली आणायची, चहावाल्याला फोन करायचा आणि अध्यक्षांचं प्रास्ताविक फार लांबलं की मागच्या दाराशी उभं राहून मनगटावर बोट आपटायचं. अध्यक्ष वनस्पतीशास्त्राचे निवृत्त प्राध्यापक आहेत. सिनेमावर त्यांचं खरंच प्रेम आहे. पण सिनेमा सुरू झाला की आपल्याला गप्प बसावं लागतं, याचं त्यांना मनातून वाईट वाटतं.

जुने बंगाली सिनेमे शनिवार-रविवार ओळीने दाखवायचे, ही कल्पना त्यांचीच. पत्रकावर 'अभिजात बंगाली चित्रपटांचा सप्ताहान्त' असं छापायचं, हीसुद्धा त्यांचीच.

"सर, सरळ शनिवार-रविवार लिहू या," मी म्हटलं.

"वीकेंडला आपल्याकडे चांगला शब्द आहे, तो वापरायला लाज कसली?"

त्या चांगल्या शब्दाचा परिणाम शनिवारी दुपारी दिसला. सभागृह उघडलं तर पायरीवर मखमलाबादकडच्या दोन आजी बसलेल्या. गळ्यात तुळशीची माळ, हातात पिशवी, पिशवीत टाळ. नातवाने पत्रक वाचून दाखवलं होतं.

"सप्ता इथंच हाय ना?" एकीने विचारलं. "कीर्तन कोणाचं हाय आज?"

मी त्यांना समजावलं की हा तो सप्ताह नव्हे, इथे सिनेमा आहे, तोही बंगाली. दोघींनी एकमेकींकडे पाहिलं.

"पंखे हायेत का आत?"

"आहेत."

"मंग बसतो थोडा वेळ."

आणि त्या पहिल्या रांगेत जाऊन बसल्या. अध्यक्षांना हे सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "पाहा, शब्द लोकांपर्यंत पोचतो."

हळूहळू सभागृह भरलं. नेहमीची मंडळी होती. दिंडोरीहून मोटरसायकलवर येणारे एक द्राक्षबागाईतदारही होते. आमचा एकही सिनेमा ते चुकवत नाहीत आणि नंतरच्या चर्चेत पहिला प्रश्न त्यांचाच असतो. तिसऱ्या रांगेत एक बंगाली जोडपं बसलं होतं. ते ओझरच्या कारखान्यात, निवृत्तीला आलेले. त्या घरी मुलींना गाणं शिकवायच्या. मुद्दाम ठेवणीतली लाल काठाची पांढरी साडी नेसून आल्या होत्या. इतकी वर्षं नाशिकमध्ये काढली, पण इथे कुणी आमच्या भाषेतला सिनेमा पडद्यावर दाखवील असं वाटलं नव्हतं, असं त्या मला दारातच म्हणाल्या. त्यांचे यजमान नुसते हसले. ते कमी बोलतात, एवढं मला तेव्हाच कळलं.

अध्यक्षांचं प्रास्ताविक झालं. मी मनगटावर बोट आपटून आपटून दमले तेव्हा दिवे मालवले आणि सिनेमा सुरू झाला. एक लहानसं रेल्वे स्टेशन, कृष्णधवल. स्टेशनला लागूनच स्टेशनमास्तरचं घर. ओसरीवर त्याची तरुण बायको विळीवर भोपळा चिरत बसलेली. आतून सासूचा आवाज आला आणि पडद्याच्या खाली इंग्रजी अक्षरं उमटली. त्यांचा अर्थ होता, 'पाणबुडी खाली घ्या!'

जुना सिनेमा आहे, असेल काही, असं सगळ्यांना वाटलं. मग सासू दारात आली आणि खाली अक्षरं आली, 'शत्रू नजरेच्या टप्प्यात आला आहे.' मागून कुणीतरी खुसकन हसलं. मी अध्यक्षांकडे पाहिलं.

"प्रतीकात्मक असणार," ते कुजबुजले.

सुनेने मान खाली घालून भोपळा पुढे सरकवला, तेव्हा खाली आलं, 'टॉर्पेडो तयार आहे, कॅप्टन.' आता सगळं सभागृह हसायला लागलं. लॅपटॉप सांभाळणारे आमचे खजिनदार दातांचे डॉक्टर आहेत. त्यांना घाम फुटला. कुठल्यातरी युद्धपटाची अक्षरं या सिनेमाला जोडली गेली होती, आणि खरी अक्षरं त्यांच्याकडे नव्हतीच.

तेवढ्यात तिसऱ्या रांगेतून त्या बंगाली बाई उभ्या राहिल्या.

"बंद करा ते! काय वाट्टेल ते लिहिली हाय! सासू म्हणतो, भोपळा बारीक चीर. एवढाच म्हणतो!"

"मंग ताई, तुम्हीच सांगा की पुढचं," दिंडोरीचे बागाईतदार म्हणाले. लोकांनी टाळ्या वाजवल्या. अध्यक्षांनी आपला माइक उचलून त्यांच्या हातात दिला. माइक त्यांनी असा आपण होऊन सोडल्याचं मी पहिल्यांदाच पाहिलं.

अक्षरं बंद झाली, सिनेमा पुन्हा पहिल्यापासून लागला, आणि बाई बोलायला लागल्या. त्या मराठी शिकल्या होत्या भाजीबाजारात, भाजीवाल्या बायकांकडून. त्यामुळे पडद्यावरची ती शालीन, शिकलेली, हळू आवाजात बोलणारी माणसं आमच्याकडे पोचली ती 'लय' आणि 'नाय' करत. शिवाय बंगालीत क्रियापदाला तो-ती असला भेद नसतो, हे आम्हाला त्या दिवशी कळलं.

"सासू आला," बाई माइकवर म्हणाल्या. "तो लय रागावली. नवरा म्हणते, आई, जाऊ दे."

"ताई, सासू आला का सासरा आली?" दिंडोरीकर.

"सासू! सासरा तर मेली कधीच!"

हशा झाला, पण बाईंना त्याचं काही नव्हतं. त्या सिनेमात पार बुडाल्या होत्या. सून पाणी भरायला गेली की यांचा आवाज दमायचा. सासू ओरडली की या आमच्यावर ओरडायच्या. पहिल्या रांगेतल्या आजींपैकी एक मोठ्याने म्हणाली, "अशीच होती माझी," आणि दुसरीने डोळ्यांना पदर लावला.

गोष्ट साधी होती. स्टेशनमास्तरच्या बायकोला दुर्गापूजेच्या दिवसांत माहेरी जायचं असतं. दर वर्षी नवरा म्हणतो, या वर्षी रजा नाही, पुढच्या वर्षी. घराच्या दारावरून रोज गाड्या जातात आणि ती एकाही गाडीत बसलेली नसते. नवरा वाईट नाही. तो फक्त बोलत नाही.

एका प्रसंगात ती त्याला जेवायला वाढते आणि काहीतरी विचारते. तो घास घेतो, तिच्याकडे बघतो आणि गप्प राहतो. बराच वेळ पडद्यावर शांतता. बाईंनी माइकवरून सांगितलं, "नवरा काही बोलत नाय. त्याला काही वाटतच नाय."

"वाटतं," शेजारून आवाज आला. त्यांचे यजमान. "वाटतं त्याला. बघ डोळे."

"बोलला नाय तर बायकोला कसा कळणार?" बाई माइकमधूनच त्यांना म्हणाल्या.

"प्रत्येक गोष्ट बोलायची असते का?"

"प्रत्येक नाय! एखादी! वर्षातून एखादी!"

ही ओळ सिनेमातली नव्हती, हे दातांच्या डॉक्टरांनाही कळलं. पडद्यावर सासूबाई बोलायला लागल्या होत्या, पण त्या काय म्हणत होत्या ते आम्हाला आजतागायत माहीत नाही. बाईंनी माइक नवऱ्याच्या मांडीवर ठेवला. "पुरुषांचे तुम्हीच सांगा. मला नाय समजत पुरुष."

मग पुढे दोघांनी मिळून सिनेमा सांगितला. बायकांचं बोलणं त्या सांगायच्या, पुरुषांचं ते. त्यांचं मराठी कारखान्यातलं, स्वच्छ. मधे मधे माइकची ओढाओढ होई. शेवटी ती बायको कुणाला न सांगता गाडीत जाऊन बसते, आणि त्याच गाडीला हिरवा बावटा दाखवायचं काम नवऱ्याचं. त्याला ती खिडकीत दिसते. ती एकच शब्द म्हणते, "आशि." तो बघत राहतो. मग बावटा दाखवतो. गाडी जाते. सिनेमा संपतो.

"'येते' म्हणाली," यजमान म्हणाले. "म्हणजे परत येणार आहे."

"नाय येणार," बाई म्हणाल्या. "निघताना आमच्यात तसाच म्हणतात. 'जाते' म्हणत नाय."

"अहो, आमच्यातही तसंच म्हणतात!" मी मागून ओरडले. सचिवाने असं ओरडू नये, पण राहवलं नाही.

दिवे लागले आणि चर्चेला जे तोंड फुटलं ते आमच्या सोसायटीच्या इतिहासात फुटलं नव्हतं. एरवी लोक दिग्दर्शकाची शैली वगैरे म्हणून घड्याळं बघतात. आज सगळे पुरुष म्हणत होते, येणार. सगळ्या बायका म्हणत होत्या, का यावं? दिंडोरीकर म्हणाले, "आमची मंडळी बी येते म्हणून जाती, अन् येती. पन दर बारीला मला वाटतं, ह्या बारीला नाय येनार." अध्यक्ष प्रकाशयोजनेवर बोलायला उभे राहिले, तर टाळवाल्या आजी त्यांना म्हणाल्या, "तुम्ही बसा जरा खाली. तिच्या आईकडं कोन कोन हाय ते सांगा आधी."

ते जोडपं मात्र चहाला थांबलं नाही. दोघं स्कूटरवर बसून गेले. बाईंनी एरवी धरला असता तसा खांदा न धरता मागचा दांडा धरला होता.

रविवारी सकाळी अध्यक्षांचा मला फोन. "आपण त्यांचं भांडण लावलं का हो?"

"सर, ते आधीचंच असणार. आपण फक्त माइक दिला."

दुपारी दोघं आले, पण वेगवेगळ्या रांगांत बसले. त्या दिवशीचा सिनेमा विनोदी होता. एका घरात खोटी बायको बनून आलेल्या मुलीची गोष्ट. या वेळी अक्षरं बरोबर होती, डॉक्टरांनी घरी तीनतीनदा तपासली होती. पण लोक ऐकेनात. "वाचायचं कशाला? काल सांगितलं तसं सांगा!" आजीही परत आल्या होत्या, आणि त्यांना इंग्रजी कुठून वाचता येणार? अध्यक्षांनी बाईंना विनंती केली.

"माझा गळा बसली हाय," त्या समोर बघत म्हणाल्या.

मग यजमान उठले. आदल्या दिवशी ज्यांच्या तोंडून शब्द ओढून काढावा लागत होता, त्या माणसाने माइक घेतला आणि एकट्याने सगळी पात्रं सांगायला सुरुवात केली. पुरुषांची ठीक. पण नायिका लाजून काही म्हणाली, तेव्हा त्यांनी आवाज बारीक केला. तो आवाज जुन्या बिजागरीसारखा होता. लोक हसून खुर्च्यांवरून घसरायला आले. ते थांबले नाहीत. नायिकेच्या मावशीला त्यांनी आणखी बारीक आवाज दिला.

बाईंनी पहिली दहा मिनिटं मान वळवली नाही. मग खांदे हलताना दिसले. रडताहेत की काय म्हणून मी पुढे वाकले, तर पदर तोंडात कोंबून हसत होत्या. पुढच्या वाक्याला त्या उठल्या, रांग ओलांडून गेल्या आणि नवऱ्याच्या हातातला माइक काढून घेतला.

"मुलगी असा बोलतो का?" त्यांनी सगळ्यांना विचारलं, आणि नायिकेचं वाक्य स्वतः म्हटलं. मग त्या तिथेच, त्यांच्या शेजारच्या खुर्चीत बसल्या.

चहाच्या वेळी यजमान माझ्याजवळ आले. कप हातात फिरवत राहिले. मग म्हणाले, "कारखान्यात रजा मिळते. मीच कधी मागितली नाही. तिच्या माहेरी गेलं की सगळे बोलत बसतात, मला काही सुचत नाही." मी म्हटलं, काल-आज तर चांगलं सुचलं. ते लाजले आणि आणखी एक बिस्किट घेऊन निघून गेले.

पूजेच्या दिवसांत दोघं कोलकात्याला जाऊन आले. आमच्यासाठी संदेश मिठाईचा मोठा डबा घेतला होता, असं दोघंही सांगतात. सोसायटीत पोचला तेव्हा त्यात तळाला थोडा चुरा होता. यजमानांचं म्हणणं, मनमाडपर्यंत डबा जवळजवळ भरलेला होता. बाईंचं म्हणणं, जळगावच्या आधीच अर्धा संपवली होती, आणि ते कोणी संपवली हे त्या माइकवरून सांगायला तयार होत्या.