आत्याबाईची बाज आणि हाडातली चरबी

आमच्याकडे बाईला मान द्यायची एक रीत आहे. जन्मभर तिच्याकडून काम करून घ्यायचं आणि मग एक दिवस तिच्या हातातलं सगळं काढून घेऊन तिला बाजेवर बसवायचं. वर चार लोकांत सांगायचं, आमच्या बाईला आम्ही पाण्याचा पेलासुद्धा उचलू देत नाही.

हे मी रागानं लिहिते आहे. हा राग ओसरावा अशी माझी इच्छाही नाही.

आत्याबाई म्हणजे माझ्या वडिलांची थोरली बहीण. नवरा लवकर गेला, तेव्हापासून ती आसेगावात आमच्याच घरी. पुढे आईवडीलही गेले आणि दादाला नि मला तिनंच वाढवलं. लोकांच्या शेतात मजुरीला जायची: सोयाबीनची, तुरीची सोंगणी, हळदीची खांदणी, जे मिळेल ते. डोक्यावर ओझं घेऊन बांधावरून अशी चालायची की मागच्या बायका म्हणायच्या, "हळू चाल वं, कोन्ती गाडी चुकून राह्यली तुही?" तिच्या त्या मजुरीवर दादा शिकला, नोकरीला लागला. मी शिकले आणि संघटनेत गेले. सभा, मोर्चे, पत्रकं. पत्रकं लिहायचं काम माझं.

मग एका उन्हाळ्यात ओट्यावरून उठताना तिचा तोल गेला. ती हातावर पडली आणि मनगट मोडलं. झाडावरून नाही पडली, विहिरीत नाही पडली. नुसती उभी राहत होती. तालुक्याच्या डॉक्टरांनी प्लास्टर घातलं, कॅल्शियमच्या गोळ्या दिल्या आणि म्हणाले, वय झालं, जपा. उठता उठता हाड मोडतं म्हणजे आत काहीतरी बिघडलंय, हे ते बोलले नाहीत. हाडाची घनता तपासून बघा, हेही नाही. त्या मनगटानं सगळं सांगून टाकलं होतं. ऐकायचं ज्यांचं काम होतं त्यांनी पट्टी बांधून बिल दिलं.

घरी आल्यावर दादानं नायलॉनच्या पट्टीची नवी बाज आणली. टीव्हीसमोर टाकली. आणि जाहीर केलं, "जिंदगीभर लोकायच्या वावरात राबली हे. आता माह्या घरात तिले कोनी काम सांगनार नाई."

यात दादाची चूक काढणं सोपं नाही. आमच्या माणसांना पिढ्यान्‌पिढ्या कुणीतरी काम सांगत आलं आहे. बसून राहणं हा आमच्याकडे आळस नव्हता कधी, तो दुसऱ्यांचा हक्क होता. आत्याबाईला बाजेवर बसवताना दादाला वाटत होतं की तो त्या सगळ्याचं उत्तर देतोय. गावालाही तसंच वाटलं. शेळी विकली. नळावरचं पाणी वहिनी भरू लागली. डाळ निवडायचं सूपही आत्याबाईच्या हातात राहिलं नाही. ती उठली की घरातलं कुणीतरी ओरडायचं, "बस तू!"

ती बसली. अंग भरलं, रंग उजळला. शेजारणी म्हणायच्या, "सूख लागलं वं बाई तुले!"

"सूख कायचं," आत्याबाई म्हणायची, "बसून बसून निरा पोतं झाली मी. पाय उठत नाई."

तिचं हे बोलणं सगळ्यांनी विनोद म्हणून घेतलं.

गेल्या हिवाळ्यात ती अंगणात कोंबडीला हाकलायला वळली आणि तिथंच खाली बसली. खुबा मोडला होता. अकोल्याला नेलं. तिथल्या डॉक्टरांनी मांडीच्या हाडाचा मोडका गोळा काढून धातूचा बसवला. ऑपरेशन झाल्यावर त्यांनी दादाला नि मला दाराशी बोलावलं आणि स्टीलच्या तसराळ्यात तो काढलेला गोळा दाखवला. नातेवाइकांना दाखवायची पद्धत असावी. दादा एक पाऊल मागे सरला. मी वाकून बघितलं. हाड म्हणजे काहीतरी पांढरं, दगडासारखं असेल असं मला वाटायचं. हे कापलेल्या जागी भुसभुशीत होतं. डॉक्टरांनी चिमट्यानं दाबलं तर चिमटा आत गेला. आणि आतला मगज पिवळा, तेलकट.

दादाच्या तोंडून निघून गेलं, "बोकडाच्या नळीवानी हाय हे."

"तसंच आहे," डॉक्टर म्हणाले. "कोवळ्या जनावराची नळी फोडली तर आत लाल दिसतो ना मगज? थोराड जनावराची फोडली की पिवळा. ती चरबी."

मटणाच्या दिवशी आमच्या घरात नळी नेहमी जावयाच्या, पाहुण्याच्या ताटात पडते. आत्याबाईनं आयुष्यभर ती दुसऱ्यांना वाढली. आतला रंग तिला आमच्या सगळ्यांपेक्षा जास्त वेळा दिसला असेल. पण आपल्याही हाडात तेच चाललंय, हे तिला कोण सांगणार?

डॉक्टरांनी जे सांगितलं ते मी पत्रकाच्या भाषेत लिहिते, कारण आम्हाला या भाषेत ते आधी कुणी सांगितलंच नाही. हाडाच्या आतल्या मगजात काही मूळ पेशी असतात. त्यांनाच हल्ली सगळे स्टेम सेल म्हणतात. त्यातल्या काहींना दोन वाटा मोकळ्या असतात: हाड बांधणारी पेशी व्हायचं, नाहीतर चरबीची. तरुणपणी, अंगावर भार पडत असताना, त्या हाडाच्या वाटेला जास्त जातात. वय चढलं, पाळी गेली, चालणं-उचलणं थांबलं की त्यांचा कल चरबीकडे वळतो. बांधणारे हात कमी होतात आणि आतली जागा चरबी घेते. बरं, ही चरबी पोटावरची नव्हे. काडीसारख्या बाईच्या हाडातही ती भरते. आणि ती गप्प पडूनही राहत नाही, हाड झिजवणाऱ्या पेशींना फूस देते. डॉक्टर हेही म्हणाले की यातलं बरंच अजून शोधलं जातंय आणि सगळं कळलंय असं कुणी म्हणू नये.

मी त्यांना विचारलं, "म्हणजे बसवून ठेवल्यानं झालं हे?"

"निव्वळ त्यानं नाही. पण त्यानं भर पडली."

दुसऱ्या दिवशी वॉर्डात आले तेव्हा त्यांनी आत्याबाईला विचारलं, "पिशवी काढलीय का तुमची?"

"काढली नं. हे पोट्टी पाळन्यात होती तवा." तिनं माझ्याकडे बोट केलं.

"अंडाशयंही काढली?"

"मले काय मालूम, साहेब? पोटात दुखे म्हनून गेली. थे म्हने, पिशवी सडली, ठेवशीन तं मरशीन. आता लेकरं थोडीच होनार हायेत, कायले ठेवता? मंग काढली."

डॉक्टरांनी ते कागदावर लिहून घेतलं. मग म्हणाले, अंडाशयंही गेली असतील तर हाडाची झीज तेव्हाच सुरू झाली असणार. भर तरुणपणी.

कुणी काढलं, काय काढलं, काय ठेवलं, हे त्या बाईला सांगायचेही कष्ट कुणी घेतले नाहीत. तिच्या अंगातून काय बाहेर निघालं ते तिला ठाऊक नाही! मजूर बाई आहे, मरायला घाबरते, हो म्हणते, झालं काम. दुसऱ्या दिवशी ती कामाला आली नाही याची नोंद फक्त वावराच्या मालकानं घेतली असेल. एका डॉक्टरनं तिची हाडं उघड्यावर टाकली, दुसऱ्यानं मनगटाला प्लास्टर घालून डोळेझाक केली आणि आम्ही घरच्यांनी उरलेलं काम प्रेमानं पूर्ण केलं.

त्याच दिवशी वॉर्डात तिला वॉकर धरून उभं केलं. डॉक्टर दादाला म्हणाले, "हा गोळा भार घ्यायलाच बसवलाय. चालवा. हाडाचं औषधही सुरू करतोय, पण चालवा."

घरी आणलं आणि भेटायला येणाऱ्यांची रांग लागली. केळी, बिस्किटांचे पुडे आणि जयभीम. मी तिला वॉकर देऊन उभं करायला गेले की बाजेभोवतीच्या बायका अंगावर यायच्या.

"अवं, बाईले उठवून राह्यली! जनावरालेबी कोनी असं नाई करत."

"मोर्चात नेतं का काय तिले?"

दादा म्हणायचा, "पडली तं? जबाबदारी कोनाची?" आणि तिला परत निजवायचा. 

तिला भांड्यावर बसवायचं काम वहिनी करायची. मनापासून करायची, नाक न मुरडता. पण आत्याबाईनं चहा सोडला. मग पाणीही कमी केलं. ओठ कोरडे पडले तरी तांब्याकडे हात जाईना. मी खडसावलं तेव्हा सगळ्यांची पाठ वळलेली बघून हळूच म्हणाली, "मले बाकी काई नको, पोरी. मले माह्या पायानं संडासले जाऊ दे."

संडास अंगणाच्या कोपऱ्यात आहे. तेवढंच तिला हवं होतं. आणि तेवढ्यासाठी घरात भांडणं चालली होती.

अशात दादाला कुणीतरी सांगितलं की कामरगावला शिबिर लागलंय, हाडं नवी करणारं औषध मिळतं. दादासोबत मीही जीपमध्ये बसले. सभागृहात पडद्यावर एक चमकणारा सांगाडा फिरत होता आणि कोट घातलेला एक माणूस माइकवर बोलत होता. त्याच्याकडे बाटल्या होत्या. जिभेखाली थेंब टाकायचे, की म्हणे हाडातले झोपलेले स्टेम सेल जागे होतात. आणि कोर्स चालू असेपर्यंत हाडावर भार नको, संपूर्ण आराम.

दादानं माझ्याकडे असं बघितलं की, घे, हाही आरामच सांगतोय!

मी उठून विचारलं, "हे थेंब हाडातल्या पेशींपर्यंत जातात कसे?"

"ताई, हे विज्ञान आहे."

"तेच विचारते. कुणावर तपासलं? कागद दाखवा."

"तुम्ही डॉक्टर आहात का?"

"नाही. तुम्ही आहात?"

लोक हसले. तो म्हणाला, "मी सल्लागार आहे." लोक आणखी हसले. आणि हसून झाल्यावर त्याच लोकांनी बाटल्या घ्यायला रांग लावली. दादाही रांगेत. मी दात खात जीपशी उभी राहिले. खऱ्या संशोधनातला एक शब्द उचलायचा, बाटलीवर चिकटवायचा आणि म्हाताऱ्यांना निजवून ठेवायचं. ज्या आरामानं त्या पेशी चरबीकडे वळतात तोच आराम हा माणूस औषध म्हणून विकत होता! आणि ज्यांच्या गावाजवळ हाड तपासायची सोयसुद्धा नाही, त्यांच्या गावाजवळ याचं शिबिर मात्र बरोबर पोचतं.

घरी आल्यावर आमचं तोंडाला तोंड लागलं. दादा म्हणाला, तुला सगळ्यातच ठगबाजी दिसते. मी म्हटलं, तुला बाईला झोपवण्यातच माया दिसते. वहिनी म्हणाली, "दोघंबी हळू बोला, लोकं आयकून राह्यले."

आत्याबाई बाजेवरून सगळं ऐकत होती. तिनं दादाला जवळ बोलावलं.

"थेंब घेतले तं मी कवा उठीन, बापू?"

"कोर्स झाल्यावर."

"तवरक?"

"तवरक आराम."

"म्हंजे भांडं."

दादा बाटलीवरचं लेबल वाचू लागला.

"लोकायच्या वावरात राबली थे येगळं," आत्याबाई म्हणाली. "थे काम तू बंद केलं, लय चांगलं केलं. पन हे पाय का लोकायचे हायेत? माह्ये हायेत नं? लोकायच्या कामाले नाई म्हन नं तू. माह्या पायाले काहून नाई म्हनतं?"

"तू पडशीन, आत्याबाई."

"बसल्या जागीबी मोडलीच नं मी."

दादा बाटली हातात धरून उभा होता. "आन् थे थेंब तूच पे," ती म्हणाली, "तुही हाडं बी खुर्चीवर बसून बसून पिवळीच पडली असतीन." वहिनीला हसू आवरलं नाही. दादानं बाटली खिडकीत ठेवली आणि वॉकर पुढं केला. पहिल्यांदाच त्यानं स्वतः.

पुढचे दिवस सोपे नव्हते. उंबऱ्याशी तिला घाम फुटायचा. कधी पाय थरथरायचा आणि ती शिव्या द्यायची, मला, डॉक्टरला, कोंबडीला. बायकांचे टोमणे चालूच होते. वहिनीनं त्यांना सरळ सांगितलं, "बोलायचं असंन तं बसा, नाई तं वॉकर धरा." तेव्हा टोमणे थांबले. गेलेलं हाड सगळं परत यायचं नाही, डॉक्टरांनी ते स्पष्ट सांगितलं आहे. उरलेलं सांभाळायचं आहे. पिवळ्या झालेल्या मगजाचं काय करायचं हे अजून कुणाला नीट माहीत नाही, आणि माहीत आहे म्हणणारा खोटं बोलतो.

एका सकाळी ती बाजेवरून उठली, कुणाला हाक न मारता. वॉकर टेकत ओट्यावरून उतरली. आम्ही तिघं मागं, हात पुढं केलेले. अंगण पार केलं. आत गेली. दार लावून घेतलं आणि आतून कडी घातली.

आम्ही बाहेर उभे. बराच वेळ गेला. दादा दाराशी कान लावून, वहिनीच्या हातात पाण्याची बादली.

"आत्याबाई, झालं का?" वहिनीनं विचारलं.

"तुमी तठी उभे असल्यावर काय होते? तमाशा हाय का? जा घरात!"

आम्ही मुकाट्यानं घरात गेलो.