गाडीला काय चव कळते?

मूर्तिजापूर मागे पडलं तेव्हा गाडीचा तापमानाचा काटा निम्म्याच्या वर सरकला होता. मी रस्त्याकडे कमी आणि त्या काट्याकडेच जास्त बघत होते. मागच्या सीटवर आई बसली होती. अकोल्याच्या दवाखान्यात मावशी होती, आईची एकुलती एक बहीण. सकाळी मावसभावाचा फोन आला होता, "आमची आई सारखी तुझ्या आईचं नाव घेऊन राहिली. आजच या." अमरावतीहून दोन तासांचा रस्ता, पण अडीच तास झाले तरी आम्ही वाटेतच होतो. दर थोड्या वेळाने मी गाडी बाजूला घेत होते, बॉनेट उघडत होते, चरफडत होते.

ही रड दोन महिन्यांची. अमरावतीच्या मिस्त्रीने आधी थर्मोस्टॅट बदलला, मग पंखा, मग वॉटर पंप. दर वेळी तो म्हणायचा, "आता टेन्शन नाही." पुढच्या लांबच्या फेरीला काटा पुन्हा वर. मी त्याला फोनवर नको नको ते बोलले होते.

त्या दुपारी शेवटचा उपाय म्हणून मी हीटर लावला. इंजिनची थोडी गरमी आत ओढली जाते म्हणे. मे महिना, चारही काचा खाली आणि वर हीटर. पदराने तोंड पुसत आई म्हणाली, "पापड आनले असते त इथंच वाळले असते." मला हसू आलं नाही. मावशी वाट बघत होती, आणि आम्ही पोचायच्या आत काही झालं तर मी स्वतःला कधीच माफ केलं नसतं.

बोरगाव मंजूच्या अलीकडे बॉनेटमधून वाफ निघाली. नशिबाने जवळच एका म्हाताऱ्या मिस्त्रीचं पत्र्याचं शेड होतं. मी रेडिएटरचं झाकण उघडायला धावले, तर त्याने हात आडवा धरला.

"हात भाजान ताई. अर्धा घंटा थांबा."

अर्धा तास! मी शेडसमोर येरझारा घालायला लागले. आई बाकड्यावरून म्हणाली, "आधी तू थंडी हो, मंग गाडीचं पाहू."

मी आधी काय काय बदललं ते सांगितलं. मिस्त्रीने विचारलं, "गावात गरम होते का रोडवर?"

"रोडवर. गावात काहीच होत नाही."

"मंग पंखा कायले बदलला? रोडवर त हवा आपोआप लागते."

हा प्रश्न दोन महिन्यांत कुणी विचारलाच नव्हता. त्याने झाकण उघडलं. आत पांढरा थर होता, उन्हाळ्यात माठाला बाहेरून धरतो तसा. तो म्हणाला, "रेडिएटरची जाळी बुजली. पानी कुठचं टाकता?"

मी आईकडे बघितलं. आईचं माहेर दर्यापूरकडचं, खारपाणपट्ट्यातलं. तिथल्या बोरचं पाणी तोंडात धरवत नाही. लहानपणी दोघी बहिणींनी गोड्या पाण्यासाठी कोसभर पायपीट केलेली. गोडं पाणी माणसांचं, बाकी सगळ्याला खारं, हा तिच्या हाताचा नियमच. दर महिन्याला तिथल्या शेतावर गेलो की निघताना ती बोरच्या पाण्याच्या दोन बाटल्या डिकीत ठेवायची. "गाडीले काय चव कयते?" मीही हसून तेच ओतायचे. अमरावतीच्या मिस्त्रीला हे कधी सांगायचं सुचलंही नाही.

हे सगळं ठाऊक असूनही मी त्या परक्या माणसासमोर आईवर ओरडले. "तुझ्या त्या पाण्यापायी मावशीची भेट चुकणार आता!"



मिस्त्रीने पाइप लावून जाळीतून उलटं पाणी मारलं, पांढरा चुरा बाहेर पडत राहिला. मग तो म्हणाला, "कूलंट नाही माझ्यापाशी. अकोल्याले पोचेलोक गोडं पानी टाका. माझ्या बोरचंही खारंच हाये." आई उठली. डिकीतला गोड्या पाण्याचा पाच लिटरचा कॅन तिने त्याच्यापुढे ठेवला. त्या कॅनशिवाय ती घराबाहेर पडत नाही. "सगळं टाका," ती म्हणाली. मागे तिच्या पिशवीतली एक बाटली तेवढी उरली. ती मी रागारागात उचलली आणि अर्धी घटाघटा प्यायले.

साठच्या पुढे न जाता, हीटर चालू ठेवून आम्ही अकोला गाठलं. मावशी शुद्धीवर होती. नर्स म्हणाली, पाणी चमच्याने द्या, थोडंच. आईने पिशवीतून तीच अर्धी उरलेली बाटली काढली आणि मावशीच्या ओठांना चमचा लावला.

"गोडं हाये वं," मावशी म्हणाली.

"तुयासाठीच ठेवलं."

तेव्हा कुठे माझं आईच्या तोंडाकडे लक्ष गेलं. तिचे ओठ फुटले होते. अमरावती सोडल्यापासून ती पाण्याचा एक घोटही प्यायली नव्हती.

"आई, तू कधी पिणार?"

"मले सवय हाये," ती म्हणाली, आणि दुसरा चमचा भरला.

मी पाणी आणायला खाली धावले. आईची माफी मागायची तेवढी राहिली, ती आजतागायत.