अर्डिथ काडतुसं वाटायची तेव्हा

अर्डिथ कोल्विनने आयुष्यभर शाळेची बस चालवली आणि त्या बसमध्ये खिडकीबाहेर हात काढायची कुणाची छाती झाली नाही. कॅलिफोर्नियाच्या पार वरच्या टोकाचं तिचं गाव. ओरेगॉन हाकेच्या अंतरावर, राजधानी सॅक्रामेंटो मात्र दिवसभराच्या रस्त्यावर. निवृत्त झाली तरी आवाज बसमधलाच राहिला.

गावात थँक्सगिव्हिंगच्या सणाआधीच्या शनिवारी टर्कीची नेमबाजी भरते. नेम टर्की पक्ष्यावर नाही, कागदावर धरायचा. ज्याचा छर्रा मधल्या फुलीला सर्वांत जवळ, त्याने गोठवलेली टर्की काखेत मारून घरी जायचं. जमलेले पैसे गावच्या अग्निशमन दलाला. बंदूक ज्याची त्याने आणायची, पण काडतूस घ्यायचं अर्डिथच्या हातून. फेरीला एक, सगळ्यांना एकाच जातीचं. कारण पूर्वी लोक जादा छर्ऱ्यांची काडतुसं खिशातून आणायचे आणि टर्कीपायी सख्ख्या साडूंची तोंडं सुजायची. अर्डिथ टेबलाशी बसायला लागल्यापासून ते बंद पडलं.

मग राज्याचा कायदा आला. काडतूस परवानेवाल्या दुकानातूनच घ्यायचं, दर वेळी ओळख दाखवायची, दुकानातलं मशीन सरकारी नोंदी बघून हो म्हणालं तरच मिळणार. हातून हाती देणं बंद. दलाचे प्रमुख रस्क तिच्या ओट्यावर येऊन म्हणाले, "अर्डिथ, या वर्षी राहू दे. तू काडतूस दिलंस तर तुझ्यावर खटला."

"राहू दे म्हणायला ती काय माझी दाढदुखी आहे?" ती म्हणाली. "सॅक्रामेंटोत कायद्याची पुन्हा सुनावणी आहे ना? मी जाते."

ती गेली. वाटभर गाडी चालवताना भाषण घोकलं. सभागृहात भलीमोठी रांग. नंबर लागला तेव्हा माइकजवळचा माणूस म्हणाला, "नाव, गाव, बाजूने की विरोधात. तेवढंच."

"मला सांगायचंय की आमच्याकडे..."

"बाजूने की विरोधात, मॅडम?"

"विरोधात," अर्डिथ म्हणाली.

बाहेर बाकावर एक बाई सँडविच खात बसली होती. छातीला कायद्याच्या बाजूचा बिल्ला. अर्डिथ मुद्दाम तिच्या शेजारी टेकली. भांडायला कुणीतरी हवंच होतं.

"तुम्हाला तरी बोलू दिलं का?" तिने विचारलं.

"'निकोलेट, स्टॉकटन, बाजूने'. एवढंच." बाईने अर्धं सँडविच पुढे केलं. "घ्या. तुम्हाला काय सांगायचं होतं?"

अर्डिथने ते घेतलं आणि नेमबाजीची सगळी हकिगत सांगितली. निकोलेट खाणं थांबवून ऐकत होती.

"म्हणजे कुणाच्या हातात कुठलं काडतूस जायचं, हे ठरवणारं तुमच्याकडेही कुणीतरी आहे."

"आहे. मी."

"कशावरून ठरवता?"

"तोंड बघून. सगळे माझ्या बसमधून गेलेत."

"माझ्या भावाला मारणाऱ्याला बंदूक बाळगायचीही बंदी होती," निकोलेट म्हणाली. "गोळ्या मात्र त्याने दुकानातून रीतसर विकत घेतल्या. दुकानदाराने त्याचं तोंड बघितलंच होतं."

परतीच्या वाटेवर अर्डिथ रिकाम्या गाडीत त्या बाईशी भांडत राहिली. आपलं तोंड बघणं वेगळं आणि मशीनचं कागद बघणं वेगळं, एवढं तिला पक्कं ठाऊक होतं. पण वेगळं नेमकं कुठे? कायद्याला तिचा विरोध तसूभर कमी झाला नाही, प्रश्न मात्र कपड्याला गोखरू चिकटावं तसा चिकटला.

घरी येऊन तिने रस्कना फोन केला. "नेमबाजी होणार. ज्याने त्याने दुकानातून आपापली काडतुसं आणायची आणि खोकं माझ्या टेबलावर उघडायचं. मी देणार नाही, फक्त बघणार."

शनिवारी माणसं आली, पण नेहमीपेक्षा कमी. टेबलाशी पहिला बॉयड गटरिज. त्याने खोकं उघडलं, अर्डिथने एक काडतूस उचलून कडेला छापलेलं वाचलं.

"हे जादा छर्ऱ्यांचं आहे, बॉयड."

"मशीनने पास केलंय."

"मी नाही केलं."

"वा. तिकडे जाऊन कायद्याच्या नावाने शंख करून आलीस, आणि इथे स्वतःचा कायदा?"

मागून हशा पिकला. अर्डिथचे कान लाल झाले. "तिकडे मला एक शब्द बोलायला मिळाला. इथे अख्खा दिवस पडलाय. बोलू?"

"नको. दुसरं काडतूस दे, झालं."

पूर्वी तिने तेच केलं असतं. शिवी हासडून योग्य काडतूस त्याच्या तळहातावर आपटलं असतं आणि गोष्ट संपली असती. आता तिच्या स्वतःच्या खोक्यात हवी ती काडतुसं होती आणि एकही देता येत नव्हतं. रस्क बुटांकडे बघत उभे होते. बॉयड खोकं बंद करून निघाला. टर्की लबाडाला मिळू नये म्हणून तिने नियम केला होता; माणूस घरी परत पाठवायला नाही.

"थांब," ती म्हणाली. खुर्चीवरून उठली, गाडीतून आपली बंदूक आणली. "तुझ्या नावाने मी मारते. माझी बंदूक, माझं काडतूस, कागद तुझा. टर्की लागली तर तुझी."

"आणि नाही लागली तर?"

"तर तुझं नशीब माझ्या खांद्यासारखं म्हातारं झालंय समज."

ती रेषेवर उभी राहिली आणि बार काढला. बॉयड कागदापर्यंत चालत गेला, वाकून बघितलं. "अर्डिथ, मी लबाडी करून यापेक्षा बरा नेम मारला असता."

"म्हणूनच करू दिली नाही."

ती वळली तर टेबलासमोर हेस्टर प्रिडी उभी होती. नवऱ्याच्या मागे त्याची बंदूक तिच्याकडे राहिली, पण राज्याच्या दप्तरी ती तिच्या नावावर नाही. मशीनने तिला दोनदा नाही म्हटलं होतं. तिच्या मागे मशीनने परत पाठवलेले आणखी काही जण, रिकाम्या हातांनी. आतापर्यंत कुंपणाबाहेर गाड्यांत बसून होते.

"माझ्याही नावाने मारशील?" हेस्टरने विचारलं.

अर्डिथने रांगेतल्या एकेकाचं तोंड नीट बघून घेतलं, जरा जास्तच वेळ. मग खांदा चोळला, नवीन काडतूस भरलं आणि रस्कना म्हणाली, "हेस्टरचा कागद लावा."