हाक न मारणारा गेणू

नांदूरमध्यमेश्वरच्या बंधाऱ्यानं गोदावरी अडली, गाळ साचला, लव्हाळी माजली आणि थंडीत कुठकुठली रानबदकं तिथे उतरू लागली. पाठोपाठ नाशकाहून मोटारीतून साहेब लोकही आले. गेणू त्यांचा होडीवाला. घशातून असा आवाज काढायचा, की वरून निघालेला थवा वळून खाली यायचा. पुढचं काम बंदुकीचं.

पण सन चौतीस उजाडेपर्यंत त्यानं ते सगळं सोडलं होतं. मासे धरून पोट भरायचा आणि हाक म्हणून कुणाला मारायचा नाही. बायकोला, मैनेला, बोलवायचं तर शेताच्या पार टोकाला चालत जाऊन तिच्या खांद्याला हात लावायचा. पाणवठ्यावरच्या बायका चिडवत, "मैने, तुझ्या मालकानं मौन धरलंय का गं?" मैना हसण्यावारी न्यायची.

तिला कारण ठाऊक होतं. धाकटा भाऊ केरू पडलेली बदकं गोळा करायला लव्हाळ्यात शिरला होता. तेवढ्यात नवा थवा आला. गेणू काळजीनं ओरडला, "केरू, माघारी ये!" हाक ऐकून केरू उभा राहिला आणि बार झाला. साहेब हळहळला, मोटारीत बसला, गेला. आपण ज्याला हाक मारू त्याच्यावर बंदूक रोखली जाते, असं तेव्हापासून गेणूच्या मनानं घेतलं.

मैनेचा जन्म साहेबांच्या बदकांची पिसं काढण्यात गेला, पण जिवंत बदक तिनं जवळून पाहिलं नव्हतं. "एकदा दावा की वो," तिनं हट्टच धरला. अखेर एका सकाळी गेणूनं तिला गाळाच्या बेटावर नेऊन लव्हाळ्यात बसवलं. पाखरं बुजू नयेत म्हणून होडी लांब नेली.

बदकं तिच्या अगदी पुढ्यात उतरली. गेणूला बरं वाटलं. तोच पलीकडच्या काठावर मोटार थांबली, झुडपांआड दोन टोप्या सरकल्या. बदकं बेटावरून उठली, बंदुका तिकडे वळल्या.

मैना तिथेच लव्हाळ्यात बसली होती. हाक मारली, तर ती उभी राहणार. साहेबांना ओरडून सांगावं, तरी आवाजानं ती उठणारच. त्यानं घसा ताणला आणि बदकांना साद घातली.

थवा गर्रकन वळून त्याच्या डोक्यावर आला. बंदुकाही वळल्या. छर्रे होडीच्या फळीत घुसले, एक त्याच्या दंडात. भोवती टपाटप पाखरं पडली.

मैना कमरेएवढ्या पाण्यातून धावत आली आणि पदर फाडून त्याचा दंड बांधू लागली. "मला सोडून त्यांना का बोलिवलं?"

"तू उठली असतीस."

एका बदकाची मान अजून हलत होती. मैना तिकडे बघत राहिली. "म्हंजी माझ्या वाटचं मरण यांना दिलं तुमी?"

"व्हय," गेणू म्हणाला. त्याला आनंद झाला होता, खोटं कशाला बोला! देवाला त्यानं नारळही फोडला.

ऐन उन्हाळ्यात, पाखरं केव्हाच आपल्या मुलखाला गेलेली असताना, भरदुपारी मैनेनं धावत येऊन दार लावून घेतलं.

"ती बदकं आली बघा," ती म्हणाली. "हाका मारून मला धुंडत्यात."

गेणू उठला आणि दोन्ही हातांनी तिचे कान झाकून बसला.